न काढलेला कागद

सरांनी सत्तावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण बायकोला कधी एक ओळ शिकवली नाही. ती शिवणकाम करायची. आपण बरं, आपलं मशीन बरं.

मग सरांच्या हातातून खडू निसटायला लागला. वर्षभरात हात गेले, पाय गेले, जीभ जडावली. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीच मरत चालल्या होत्या. औषध नव्हतं. डॉक्टरांनी हे आडवळणानं सांगितलं, म्हणून सरांनी एका दुपारी तिला पाठ्यपुस्तक आणायला लावलं.

"फुप्फुसांखाली घुमटासारखं आहे ना, ते श्वासपटल," ते अडखळत म्हणाले. "ते खाली सरकलं की छातीत जागा होते, हवा आत येते. फुप्फुसं स्वतः काहीच करत नाहीत. नुसती आयतोबा."

"तुमच्यासारखी," ती म्हणाली. दोघं हसले.

"श्वासपटल हाही स्नायूच आहे गं."

तिला कळायला एक क्षण लागला. "आणि हृदय?"

"त्याला कुणाचा हुकूम लागत नाही. आपल्या मनानं चालतं. श्वास थांबेपर्यंत चालेल बिचारं."

घशाला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावतील, ते मला नको, असा कागद त्यांनी डॉक्टरांसमोर करून घेतला. अंगठा त्यांचा, सही तिची. "पोराला तू सांग," ते म्हणाले. ती हो म्हणाली. परगावी असलेल्या मुलाचा दर रविवारी फोन यायचा. तिनं आज सांगू, उद्या सांगू करत चार महिने घालवले.

मुलगा सुट्टीला आला त्याच आठवड्यात सरांना सर्दी झाली. दुपारी जेवण भरवतानाच त्यांचे ओठ निळे पडले. मुलानं गाडी बोलावली. दवाखान्यात नवीनच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "यंत्र लावायचं ना?"

"लावा," मुलगा म्हणाला. "आई, बोल ना."

कागद तिच्या पिशवीत होता. पिशवीची चेन तिनं अर्धी उघडली. काचेपलीकडे सरांची छाती हलेनाशी झाली होती.

"लावा," ती म्हणाली.

सर वाचले. डोळे तेवढे हलत होते. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. आठ दिवस त्यांनी छतावरची नजर काढली नाही. मुलगा कामावर परतला, तेव्हा ती खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसली.

"अहो, कागद माझ्याजवळच होता. मीच काढला नाही. तुम्ही जाताय हे मला बघवेना."

यंत्र हवा भरत राहिलं. त्यांनी नजर वळवून तिच्याकडे पाहिलं.

"रागावलात?"

त्यांनी डोळे एकदा मिटले. ती दुसऱ्यांदा मिटायची वाट पाहत राहिली. ते उघडेच राहिले.

नळीत कफ साचून घरघर सुरू झाली. नर्सनं शिकवलं होतं तसे तिनं हातमोजे चढवले आणि ती बारीक नळीनं कफ ओढून काढायला वाकली.