मधली सीट

मावशीला बुटांच्या दुकानात इतकी वर्षं झाली होती, की माणूस आत आला की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची आणि मग तोंडाकडे. कुणाचा पाय रुंद, कुणाचा अंगठा लांब, कोण टाच घासत चालतं, हे तिला न विचारता कळायचं. घरीसुद्धा दारात एखादा जोड वाकडा दिसला, तर तो सरळ केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नवरा म्हणायचा, "अगं, घर आहे हे, शोकेस नाही." ती ऐकून घ्यायची आणि जोड सरळ करायची.

म्हणूनच भाचीचे बूट तिला आधी खटकले. घरातल्या सगळ्यांचे जोड मांडणीवर, भिंतीकडे तोंड करून. या पोरीचे मात्र दाराशी, एकमेकांना चिकटून, चवडे बाहेरच्या बाजूला. पाहुणे ठेवतात तसे. कधीही उठावं, पाय घालावेत आणि निघावं. मावशीने दोन-तीनदा ते उचलून मांडणीवर ठेवून पाहिले. थोड्या वेळाने बघावं तर पुन्हा दाराशी. आता यावर बोलायचं तरी काय?

भाची सहा वर्षांची. तिची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, दुखण्याने अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. बापाने तर फार आधीच काखा वर केल्या होत्या. पोरीला घरी आणायचं की नाही, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. मावशी बोलायच्या आधीच काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पलंग जोडायला घेतला होता. घरात आल्यापासून पोरगी अशी काही शहाण्यासारखी वागायची, की काकांनी तिचं नाव आजीबाई ठेवलं. पानात पडेल ते खायची, स्वतःची बशी स्वतः विसळायची. मावशीचा चार वर्षांचा मुलगा, ज्याला सगळे तुफान म्हणत आणि उगाच म्हणत नसत, त्याने हातातलं खेळणं हिसकावलं तर निमूट सोडून द्यायची. शेजारीपाजारी कौतुक करायचे. मावशीला मात्र त्या शहाणपणाची धास्ती वाटायची. सहा वर्षांच्या पोरीने इतकं चांगलं वागू नये हो.

आता गाडीचं सांगायचं तर, त्यांची जुनी गाडी म्हणजे काडेपेटी. मागच्या बाकावर लहान मुलांसाठीच्या वेगळ्या सीटा, एक तुफानची आणि एक त्याच्या पाठच्या तान्ह्या बाळाची, बसवल्या, की मधे एखादी पर्स ठेवण्याइतकी जागा उरायची. त्यामुळे कुठे जायचं झालं की काका दोघांना घेऊन गाडीने पुढे, आणि मावशी आजीबाईला घेऊन मागून बसने. सुरुवातीला त्याची गंमत वाटली. मग एक दिवस जिन्यात शेजारीण आजीबाईला म्हणाली, "काय गं, आज गाडीने निघालात वाटतं?" त्यावर पोरगी अगदी साधेपणाने म्हणाली, "गाडी त्यांची आहे. मी बसने जाते."

त्यांची. मावशी दोन पायऱ्या वर उभी होती. तिने तो शब्द ऐकला आणि तिथेच ठरवलं, की गाडी बदलायची आणि सगळ्यांनी एकत्र जायचं. नवी घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा जुनीच, पण धड असलेली. आणि तीन सीटा एका ओळीत बसणारी. वर मावशीची एक अट. "आजीबाई मधे बसेल. दोन्हीकडे भावंडं आणि मधे ती. तिला कडेला टाकायचं नाही."

काकांना हे पटलं. ते वायरमन होते. एकदा जोडणी ठरली की त्यांचे हात आपोआप त्याच क्रमाने चालायचे. सुट्टीच्या दिवशी तिन्ही सीटा आणि तिन्ही पोरं काडेपेटीत आणि बसमधे वाटून घेऊन ही वरात जुन्या गाड्यांच्या आवारात जायची. तिथे काका आधी एका दाराशी तुफानची सीट बसवायचे, दुसऱ्या दाराशी बाळाची, आणि मग उरलेल्या मधल्या जागेत आजीबाईची सीट दाबून, ढकलून, गुडघा लावून कोंबायचे. तिची सीट बिनपट्ट्याची. पोरीने बसायचं आणि गाडीचाच पट्टा अंगावरून घेऊन बक्कलमधे अडकवायचा. आणि नेमकं ते बक्कल दोन सीटांच्या मधे असं गडप व्हायचं, की काकांचं एक बोटसुद्धा तिथे पोचायचं नाही.

"नाही बसत," काका म्हणायचे आणि घाम पुसत आजीबाईची सीट बाहेर काढायचे. गाडी बदलायची, रंग बदलायचा, पण हेच वाक्य. आजीबाई बाळाचा खुळखुळा हातात धरून बाजूला उभी असायची.

एकदा मात्र एका गोडबोल्या दुकानदाराने सात माणसांची मोठी गाडी दाखवली. चकचकीत, आत वास सुगंधी, आणि मागे चक्क तिसरी रांग. किंमतसुद्धा आवाक्यातली. काकांचा चेहरा असा खुलला, की मावशीला वाटलं, झालं आपलं काम. पण काकांनी आपल्या मित्राला, गॅरेजवाल्या मिस्त्रीला, सोबत आणलं होतं. मिस्त्रीने मागच्या दाराचं रबर सोलून आतला पत्रा दाखवला. तिथे जोडल्याचा जाडजूड वण होता आणि रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा. मग त्याने तिसऱ्या रांगेतला पट्टा झटकन ओढला. तो अडकायला हवा होता. तो आपला खुशाल बाहेर येत राहिला.

"हिला मागून जबर ठोकर बसलेली आहे, वहिनी," मिस्त्री म्हणाला. "मागे कोण बसणार?"

मागे कोण बसणार होतं, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. काका गाडीतून उतरले. गोडबोल्याने किंमत आणखी उतरवली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस गेले. काका कंटाळले होते, पण तसं म्हणत नव्हते. मग मिस्त्रीनेच एक गाडी सुचवली. एका निवृत्त बाईंची, राखाडी रंगाची, बघताक्षणी विसरून जावी अशी. पण त्याने ती खालून वरून तपासली होती. पत्रा मूळचा, पट्टे झटका देताच अडकणारे, एअरबॅग शाबूत, ब्रेक नुकतेच बदललेले. बाईंनी दारातच सांगितलं, "उजवीकडची काच खाली जाताना कुरकुरते. आधीच सांगून ठेवते, मागाहून बोल नको." मावशीला बाई आवडल्या. गाडीही आवडली.

काकांनी सीटा आणल्या. तुफानची एका दाराशी, बाळाची दुसऱ्या दाराशी, आजीबाईची मधे. गुडघा लावला. बक्कल गडप.

"नाही बसत," काका म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाजच बसला. ते तिथेच पायरीवर टेकले.

तेव्हा आजीबाई पुढे आली. तिने स्वतःच आपली सीट ओढून बाहेर काढायला सुरुवात केली. "काका, माझी राहू दे," ती समजूत घालावी तसं म्हणाली. "ही गाडी छान आहे. तुम्ही घ्या. मी आता मोठी झालेय, मी एकटी बसने येईन. मला नंबर पाठ आहे."

मावशीला रडू कोसळेल असं वाटलं, आणि त्याच्या जोडीला स्वतःचा भयंकर राग आला. इतके दिवस ती गाड्यांकडे बघत होती. पोरीच्या जागी उभं राहून तिने एकदाही बघितलं नव्हतं. तिथून काय दिसत होतं? प्रत्येक वेळी सगळ्यात शेवटी माझी सीट आत जाते, आणि सगळ्यात आधी माझीच बाहेर येते. मायेने मधे बसवायला निघालो आपण, आणि पोरीला दर आठवड्याला कुणाच्या तरी अंगणात उभं करून दाखवत राहिलो, की तुझ्यासाठी जागा उरत नाही.

"अहो, उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळं बाहेर काढा."

"अगं, किती वेळा बघायचं?"

"काढा म्हणते ना."

तिन्ही सीटा जमिनीवर आल्या. मावशी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली, एखाद्या गिऱ्हाईकाच्या पायांकडे बघावं तशी. तुफानची सीट पाठीशी रुंद, पायाशी निमुळती. आजीबाईचीही तशीच. बाळाची मात्र गाडीत उलट्या तोंडाने बसते, म्हणजे तिची रुंद बाजू पुढे आणि निमुळती मागे. मावशीने कपाळाला हात लावला. आयुष्यभर आपण काय करतोय? खोक्यात बूट भरताना दोन्ही टाचा एका बाजूला ठेवल्या तर झाकण लागतं का कधी? एकाची टाच तिकडे, दुसऱ्याचा चवडा तिकडे. दुकानात लागलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी शिकवतात हे.

"बाळ मधे," ती म्हणाली. "दोन सारख्या सीटा शेजारी नकोत."

"आणि आजीबाई कडेला?" काकांनी चमकून विचारलं. "तूच म्हणाली होतीस ना, तिला कडेला टाकायचं नाही."

"चुकलं माझं." मावशी आजीबाईसमोर खाली बसली. "ऐक. आधी तुझी सीट बसवायची. कारण तुझं बक्कल तुला स्वतःला लावायचंय, हात जायला जागा हवी. तुझी बसली की मग बाकीच्यांचं बघू. त्यांची नाही बसली तर त्यांना पाठवू बसने."

आजीबाई हसली नाही. तिने नीट विचार केला. "तुफानला नंबर पाठ नाही," ती म्हणाली.

काकांनी आजीबाईची सीट दाराशी ठेवली. ती चढून बसली. मग बाळाची मधे, उलट्या तोंडाने, आणि पलीकडे तुफानची. काकांनी गुडघा लावायला उचलला आणि तसाच खाली ठेवला. गरजच नव्हती. आजीबाईने पट्टा ओढला, बाळाच्या सीटच्या निमुळत्या टोकाशी हात घातला, आणि खट्कन आवाज आला.

पोरीने बक्कल सोडलं आणि पुन्हा लावलं. मग पुन्हा. त्या निवृत्त बाईंना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, तरी त्या डोळे टिपत आत पाणी आणायला गेल्या.

"मावशी, मग ही खिडकी माझी?" आजीबाईने विचारलं.

"तुझीच."

"रोज?"

"रोज."

कुरकुरणारी काच तीच होती. काकांनी ते मुद्दाम सांगितलं. आजीबाई म्हणाली, चालेल.

सगळे सोपस्कार उरकून गाडी घरची झाली आणि ते पहिल्यांदा पाचही जण एकत्र निघाले. पहिल्याच वळणावर तुफानच्या लक्षात आलं, की आजीबाईच्या बाजूची खिडकी वाजते आणि आपली वाजत नाही. त्याला ती वाजणारी हवी होती. त्याने भोकाड पसरलं. काकांनी सवयीने आजीबाईकडे आरशात पाहिलं, की ही आता देऊन टाकेल.

"नाही देणार," आजीबाई म्हणाली. "माझी आहे. तुझी तिकडे आहे. आणि पाय आवर, बाळाला लागतोय."

"आई, ही बघ," तुफान ओरडला.

"मावशीने मला दिलीय," आजीबाई त्याच्याहून मोठ्याने ओरडली. आवाजाने बाळ जागं झालं आणि तेही रडू लागलं. गाडीत नुसता कल्ला. काका मागे वळून काही बोलणार, तेवढ्यात मावशीने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"भांडू दे," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. पुसायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने बाळाचं दुपटं घेतलं.

घरी पोचेपर्यंत भांडण मिटलं नव्हतं. दोघं दारातून धावत, एकमेकांना ढकलत आत गेली. मावशी मागून आली आणि उंबऱ्यात थबकली. आजीबाईचा एक बूट मांडणीखाली गेला होता. दुसरा तुफानच्या बुटावर उपडा पडला होता, तळ वर करून.

मावशी ओणवी झाली, सवयीने हात पुढे केला. मग हात मागे घेतला, आणि बूट तसेच ठेवून ती आत गेली.