सहीतला नुक्ता

आप्पाराव निजामाच्या शाळेत शिकलेले. बोलत मराठी, वाचत मात्र फक्त उर्दू. पूर्णा जंक्शनमागच्या वस्तीतल्या पोरांना नोकऱ्या लागाव्यात म्हणून तीच त्यांनी झिजून शिकवली. अक्षरावरचा नुक्ता, एवढंसं टिंब, चुकला की छडी बसे. मग राज्य बदललं, कागद मराठीत आले.

एके दिवशी रेल्वेचा कारकून कागद घेऊन आला. वस्तीला वाटलं, रेल्वेची भरती. आप्पारावांना वाचता येईना, पण चारचौघांत तसं सांगायला मेली लाज आडवी आली. ते म्हणाले, "अंगठा कुणी लावायचा न्हाई. सही करा."

आठवड्यानं झोपड्या पाडायला माणसं आली. मुकादम म्हणाला, "जागा सोडतो म्हणून तुमीच लिहून दिलंय."

आप्पारावांनी कागद हातात घेतला. मजकूर आजही कळेना. खालच्या सह्या तेवढ्या त्यांनी एकूणएक वाचल्या. एकाचाही नुक्ता चुकला नव्हता.