रुसलेली डिस्क आणि फॉरमॅटबाबा

सकाळपासून इमारतीच्या जिन्यावर रांग लागली होती आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कडेवर संगणकाचा डबा होता. कुणी तो टॉवेलात गुंडाळून आणला होता, कुणी त्याची वायर शेपटीसारखी हातात धरली होती. पाचव्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई आपल्या डब्याला पुठ्ठ्याने वारा घालत होत्या.

"पंखा फिरतो का याचा?" मागच्याने विचारलं.

"फिरतो हो. पण नवी डिस्क घातल्यापासून तोंड फिरवून बसलाय."

"बसणारच. बाबांच्या हातून गेल्याशिवाय नवी डिस्क अंगी लागत नाही."

हे बाबा म्हणजे फॉरमॅटबाबा. काल तळमजल्यावरच्या औषधवाल्या काकांची आडमुठी डिस्क त्यांनी डोळे मिटून फॉरमॅट करून दाखवली, आणि आज इमारतीच्या बैठकीच्या खोलीत, टेबल टेनिसच्या टेबलावर त्यांचं आसन मांडलं गेलं. जाळी मधोमध तशीच होती. भक्तांनी एका बाजूला उभं राहायचं आणि डबा जाळीवरून पलीकडे द्यायचा. बाबांच्या अंगात राखाडी झगा, गळ्यात जुन्या माउसच्या वायरींची माळ आणि कानावर स्क्रू ड्रायव्हर.

"डिस्क गोल फिरते," बाबा संथपणे सांगत होते. "आणखी काय गोल फिरतं? पृथ्वी. मग पृथ्वीला कुणी फॉरमॅट करून पाहिलंय? नाही. का नाही?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. प्रश्न बिनतोड होता.

"कारण पृथ्वी जुनी आहे. जुनीला जागा सोडवत नाही, नवीला जागा मिळत नाही. म्हणून हे सगळे भोग."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

सकाळपासून बरेच डबे बाबांच्या हातून गेले होते. आता रांगेच्या पुढच्या टोकाला तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब होतं. डबा सांभाळणारा नवरा, नवऱ्याला सांभाळणाऱ्या सासूबाई आणि पोराला कडेवर घेतलेली सून. पोराचं लाडाचं नाव भोपळ्या. त्याला दात येत होते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: चावून झालेल्या आणि चावायच्या राहिलेल्या. सध्या तो आईच्या खांद्यावर काम करत होता.

तिचं मन मात्र डब्यातल्या जुन्या डिस्ककडे होतं. त्या डिस्कवर तिच्या वडिलांचा आवाज होता. आप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. भोपळ्या पोटात असताना ते आजारी पडले, आणि नातवाची भेट होईल-न होईल म्हणून अंथरुणावर बसून त्यांनी त्याच्यासाठी प्रयोग सांगून ठेवले. भरल्या पेल्यावर पुठ्ठा धरून तो उलटा केला तर पाणी का सांडत नाही, सावली संध्याकाळी लांब का होते. भेट झाली नाही. आवाज राहिला. तोच ऐकवत ती भोपळ्याला भरवायची. आणि गेल्या आठवड्यापासून ती जुनी डिस्क टकटक करू लागली होती. केव्हा बंद पडेल याचा भरवसा नव्हता. फोन तर भोपळ्याच्या फोटोंनी आधीच तुडुंब होता.

म्हणून नवऱ्याने नवी डिस्क आणली. तिच्याबरोबर जोडायची वायर नव्हती, तर घरात कुठूनतरी शोधून काढली, दोन्ही डिस्का शेजारी शेजारी बसवल्या. पण नवी काही फॉरमॅट होईना. निम्म्यात अडायची, चूक दाखवायची, मध्येच पडद्यावरून नाहीशीच व्हायची. नवऱ्याने संगणक बंद करून पाहिला, चालू करून पाहिला, शेवटी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

बाबांनी डबा उघडून आत पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "घरात आधीची एक आहे?"

सासूबाईंनी झटकन मुलाकडे पाहिलं.

"डिस्क, आई. डिस्कबद्दल विचारतायत," नवरा म्हणाला.

"दोघी एका डब्यात," बाबांनी उसासा टाकला. "सवतीच झाल्या की. जुनी मत्सराने टकटक करते. ऐकली ना टकटक? नवी बिचारी रुसली. जुनीला मोकळी केल्याशिवाय ही नांदायची नाही."

त्यांनी जुनी डिस्क तिच्या वायरीतून सोडवली, काळ्या फडक्यात गुंडाळली आणि आपल्या फुगलेल्या पिशवीत टाकली. मग नवी डिस्क तिच्या जागेवरून काढून कानाशी धरली, तिचं म्हणणं ऐकलं, दोनदा "हो बाळ" म्हणाले, आणि ती जुनीच्या रिकाम्या जागी, तिच्याच वायरीला बसवून दिली. संगणक सुरू झाला. तो सुरू करणारी यंत्रणा डब्यातल्या एका वेगळ्याच छोट्या साठवणीच्या पट्टीवर होती, तिला कुणी हात लावला नव्हता. बाबांनी डोळे मिटून बटण दाबलं.

फॉरमॅट पूर्ण झाल्याची पाटी पडद्यावर आली. जिन्यापर्यंत टाळ्या गेल्या. शिकवणीवाल्या बाईंनी आपल्या डब्याला सांगितलं, "बघ, काही दुखत नाही."

"आता जुनी द्या," सून म्हणाली. "तिच्यावरचं सगळं नवीवर घ्यायचंय."

"ते विसर मुली. जुनी त्या घरात परत गेली की नवी पुन्हा रुसेल."

"पण त्यात माझ्या वडिलांचा आवाज आहे."

"आवाज मोकळा झाला," बाबा म्हणाले.

"अगं, झालंय ना काम," नवरा कुजबुजला. "लोक खोळंबलेत."

तेवढ्यात कडेवरचा भोपळ्या पुढे झेपावला. उघड्या डब्यातून नवीची आधीची वायर सुटून बाहेर लोंबत होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, तिचं टोक अचूक तोंडात घातलं आणि खूप दिवसांनी मैत्रीण भेटावी तसा समाधानाने चघळू लागला.

तिने वायर त्याच्या तोंडातून सोडवली आणि टोक निरखून पाहिलं. प्लास्टिकवर चिमुकल्या दातांची नक्षी होती. आतली धातूची पट्टी वाकलेली, लाळेने गंजलेली.

"ही वायर तुम्ही कुठून काढलीत?" तिने नवऱ्याला विचारलं.

"याच्याच खेळण्यांच्या टोपलीतून. का?"

भोपळ्याला भरवताना शंभरदा ऐकलेलं आप्पांचं वाक्य तिला आठवलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाळा, म्हणजे कळतं कशाने काय झालं. बाबांनी एकदम दोन गोष्टी बदलल्या होत्या. जुनी डिस्क घराबाहेर काढली आणि नवीला जुनीची वायर दिली.

"बाबा," ती म्हणाली, "नवी पुन्हा या लोंबत्या वायरीला जोडा. सवत तर तुमच्या पिशवीत आहे. मग रुसायचं कारण नाही."

"पिशवी जवळ आहे, मुली."

"मग लांब नेऊ. काका, धराल का?"

औषधवाल्या काकांनी पिशवी उचलून तळमजल्यावर दुकानात नेली. नवऱ्याने स्विच बंद करून नवी डिस्क चावलेल्या वायरीला जोडली. बटण दाबलं. निम्म्यात अडली.

"तळमजला म्हणजे काही लांब नव्हे," बाबा म्हणाले. "मत्सर जिना चढतो."

"किती लांब हवं?"

"निदान कोपऱ्यापर्यंत."

मग काका पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेले, आणि रांगेतले लोक खिडकी, जिना, फाटक असे अंतराअंतरावर उभे राहून निरोप पोचवू लागले. "गेले का?" "गेले. बसथांब्यावर बसलेत." "पिशवी मांडीवर आहे का?" "मांडीवर आहे." इकडे बटण दाबलं. आता तर डिस्क पडद्यावरूनच नाहीशी झाली.

"आता उलटं करू," सून म्हणाली. "पिशवी परत बोलवा."

तिने जुनी डिस्क फडक्यातून काढली आणि नवीच्या अगदी अंगाला अंग लावून ठेवली. मधे कागदाचीही फट नाही. फक्त नवीला जुनीची चांगली वायर जोडायला लावली. सासूबाईंनी श्वास रोखून बटण दाबलं.

फॉरमॅट पूर्ण झाली.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे भांडण बायकांचं नव्हतंच. उगाच नाव त्यांचं."

"पण माझी कशी झाली काल?" औषधवाल्या काकांनी विचारलं. "माझ्याकडे कुठे कोण वायर चावतंय?"

"तुमची वायर वाईट असेल, नाहीतर ती खोचायची खाच," सून म्हणाली. "प्रत्येकाचं दुखणं वेगळं. पण जुनीची जागा कालपर्यंत चालत होती ना? तिथे नवी बसवली की बऱ्याच वेळा चालणारच. बाबा दर वेळी तेवढंच करतात. आणि जुनी घेऊन जातात."

काकांनी पिशवी टेबलावर उपडी केली. जाळीच्या दोन्ही बाजूंना डिस्का घरंगळल्या. कितीतरींवर 'नवी कोरी' अशी चकचकीत चिकटपट्टी होती. काकांनी एकीची पट्टी नखाने सोलली. खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: औषधं, मोठी.

"हा तिचा पुनर्जन्म," बाबा म्हणाले.

"काल संध्याकाळी गेली आणि आज सकाळी जन्मली?"

बाबांनी माळ सावरली आणि दाराकडे निघाले. पण जिन्यावर डबेवाल्यांची रांग होती, सकाळी काम करून घेतलेलेही तिथे परत जमले होते, आणि त्यांच्यातला प्रत्येक जण बाबांना थांबवून आपली जुनी कुठे आहे ते विचारत होता. खाली पोचेपर्यंत त्यांना फार वेळ लागला.

काकांनी दुकानातून एक धड वायर आणून दिली. आता दोन्ही डिस्का शेजारी शेजारी, आपापल्या वायरीवर. जुनी टकटकत होती, पण एकेक फाइल देत होती. सून पडद्यासमोर भोपळ्याला घट्ट धरून उभी होती. शेवटची फाइल उतरली तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

शिकवणीवाल्या बाई आपला डबा घेऊन अजून तिथेच होत्या. "मग मी काय करू गं आता?"

"वायर बदलून बघा. तेवढीच. नाही झालं तर खाच बदला. तीही एकटीच. आणि कुणी चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी विचारा, याने नेमकं काय बदललं? पुन्हा करून दाखवेल का? ज्याला हे विचारलेलं चालत नाही त्याच्या हातात आपली वस्तू द्यायची नाही."

मग नीट उतरलं का बघायला तिने नवीवरची एक फाइल लावली. आप्पा आधी खोकले. भोपळ्याने चघळणं थांबवून पडद्याकडे पाहिलं.

"मी सांगतोय म्हणून खरं मानू नकोस हं, बाळा," आप्पा म्हणाले. "तू करून बघ."