मला गोंद बघायला निघाले तेव्हा

मी बॅट. टेबल टेनिसची. बोलतेय ती मीच, इकडेतिकडे बघू नका. आणि आधीच सांगून ठेवते, मला गोडगोड बोलता येत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेही जपानी शाळेत, खेळाच्या कपाटात.

माझं अंग पाच थरांचं, वरचा थर हिनोकीचा. हिनोकी म्हणजे इथे देवळाला वापरतात ते लाकूड. एका बाजूला लाल रबर, दुसऱ्या बाजूला काळं. पहिली मालकीण आयाका नावाची मुलगी. ती चौथी पास झाली, पियानोच्या क्लासला गेली आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच.

मग तिच्या मामाने मला उचललं. हा खेळायला जायचा, पण जीव सगळा गोंदावर. त्या काळी थिनरसारखा वास मारणारा एक गोंद मिळायचा. सामना आला की मामा माझं रबर सोलायचा, तो गोंद फासायचा आणि रबर पुन्हा बसवायचा. रबर फुगायचं आणि चेंडू असा सुटायचा की समोरचा शोधतच बसायचा. खोलीतल्या माश्या पटापट पडायच्या, मामाचं डोकं गरगरायचं, आणि मामा डोळे मिटून म्हणायचा, "अहाहा!"

पुढे त्या गोंदावर बंदी आली. माणसांच्या छातीला वाईट म्हणे. माझ्या छातीचं कुणी विचारलं नाही. मामाने मला ड्रॉवरमध्ये कोंबलं आणि खेळच सोडला. गोंदापायी संन्यास घेतलेला माणूस मी बघितलाय. तुम्ही बघितलाय का?

ड्रॉवरमधून मी आले टोकियोच्या ओजिमा भागातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. तिथून मला कल्पनाने घेतलं.

ही कल्पना मूळची डोंबिवलीची. नवरा विलास बँकेत, त्याची टोकियोला बदली झाली म्हणून आली. नवऱ्याला ऑफिस, मुलगी ओवी हिला शाळा. आणि हिला कोण? लिफ्ट. दार उघडतेय, दार बंद होतेय, एवढंच बोलणारी. मग इमारतीखालच्या हॉलमध्ये बायका टेबल टेनिस खेळताना दिसल्या. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, आणि मारतात अशा की चेंडूने माफी मागावी. त्यांची कॅप्टन मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडच्या मोरिताबाई. तिने हिला "कारुपाना-सान" म्हणून हाक मारली. आठवड्याभरात नावाने मारलेली तेवढीच हाक. मग कल्पना त्या हॉलला धरून राहिली.

शेजारच्या इमारतीशी शनिवारी सामना ठरला. टीममध्ये एक जागा रिकामी होती. मोरिता-सान म्हणाली, "जागा तुझी. पण बॅटचं रबर कुजलंय, ते बदल. शनिवारी बॅट तयार नसेल तर हायाशी-सान खेळेल. आणि मग पुढेही तीच."

कल्पनाने नवी रबरं आणली. दुकानदाराने थिनरऐवजी पाण्यात कालवलेला गोंद दिला, म्हणाला, हल्ली हाच लावतात. गोष्ट तिथेच संपायची. पण विलास म्हणाला, "थांब. दुकानदार स्वतःचाच माल चांगला म्हणणार. घाईने निर्णय नको."

जन्मात बॅट न धरलेला माणूस! त्याने फुनाबोरीहून प्रसन्न नावाच्या मित्राला बोलावलं. तो इंजिनियर, त्यानेही बॅट फक्त टीव्हीवर पाहिलेली. रविवारी कांदेपोहे झाले. मला उघडीनागडी करून, पुसून, इस्त्रीच्या रुमालावर ठेवलं. समोर गोंद मांडले. मी समजले. मला बघायला आलेत.

प्रसन्नने मला उलटंसुलटं केलं. "वहिनी, घराणं लाकडाचं आहे. सुताराचा डिंकच शोभेल."

"पण तो सुटतो का?" विलास म्हणाला. "उद्या रबर बदलायचं झालं तर?"

"अरे, अजून जमलं नाही तोवर सोडायची भाषा कशाला?"

"त्यापेक्षा ही शाळेतली खळ बघ. गरीब आहे, पण निरुपद्रवी."

"पाणी लागलं की पळून जाईल ती."

आतून कल्पना ओरडली, "अहो, मॅच शनिवारी आहे! या शनिवारी!"

"आधी टेस्टिंग होऊ दे," प्रसन्न म्हणाला. त्यांनी जुन्या रबराचे तुकडे कापले आणि घरभर चिकटवून बघितले. ट्रेवर, खिडकीवर, चपलांच्या कपाटावर. सुताराच्या डिंकाचा तुकडा त्यांनी कुणाला न सांगता पोळपाटावर लावला. तो निघेना. तेव्हापासून त्या घरातल्या प्रत्येक चपातीला मधोमध चौकोनी खड्डा पडतो. मी एवढी दोन रबरांत नांदलेली बाई, पण असला छळ कधी बघितला नाही. बघायला येणारे रोज यायचे, खायचे, "कळवतो" म्हणायचे. मी आपली रुमालावर.

शनिवार उजाडला. मी तशीच नागडी. दहाला सामना.

"पाण्याचा गोंद आता वाळणार नाही," विलास घड्याळाकडे बघत म्हणाला. "काळजी करू नकोस. मी आहे ना." आणि त्याने सेकंदात चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब काढली. कप बिप तुटला तर लावतात, तो. माझी मूठ घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने ट्यूब दोन्हीकडून रिकामी केली. डोळ्यांत झणझणलं. रबरं दाबताना गोंद कडेने ओघळला, मुठीवर आला, विलासच्या बोटांत शिरला.

"रबर पक्कं बसलं," विलास अभिमानाने म्हणाला. मग हात झटकला. मी हलले नाही. पुन्हा झटकला. मग बारीक आवाजात म्हणाला, "मीपण बसलो."

ओवी दारात येऊन बघत राहिली. "बाबा, याबाइ!" ही पोर घाबरली की जपानीत घाबरते. "नेलपॉलिश काढायचं ते लागेल. ते स्टेशनपलीकडच्या दुकानात मिळतं."

"ॲम्ब्युलन्स बोलाव," विलास म्हणाला.

"आधी मॅच," कल्पना म्हणाली. तिने नवऱ्याला कोपराला धरलं आणि लिफ्टमध्ये घातलं.

खाली हायाशी-सान ट्रॅकसूट घालून उड्या मारत तयारच होती. मोरिता-सानने विचारलं, "कारुपाना-सान, बॅट?"

कल्पनाने विलासचा हात वर केला. मी वर. खाली विलास.

काय करावं सुचलं नाही की इथली माणसं वाकतात. सगळ्या वाकल्या. विलासही वाकला, आणि माझं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं.

पंच म्हणजे एक रिटायर पोस्टमन. त्याने नियमांचं पुस्तक काढलं. शांतपणे वाचलं. ओवी आईच्या कानाशी मराठीत सांगत होती. बॅट कुठल्याही आकाराची, कितीही मापाची, कितीही वजनाची चालते. लाकूड तेवढं सपाट आणि ताठ पाहिजे. त्याने माझ्यावर बोट वाजवलं. सपाट. ताठ. मग विलासकडे बघितलं.

"आणि हे?"

"दांडा," कल्पना म्हणाली.

पंचाने मान डोलवली. खेळ सुरू.

सुरुवातीला नुसती फजिती. कल्पना विलासच्या मनगटाला धरून डावीकडे ओढायची, हा उजवीकडे जायचा. गुण भराभर जात होते. हायाशी-सानच्या उड्या वाढल्या.

"अहो, हात सैल सोडा!"

"सैलच आहे."

"कुठे सैल? लग्न झाल्यापासून तुम्ही काही सैल सोडलंय का? रिमोट नाही, गॅसचं बटण नाही. माझी जागा जातेय हो तिथे!"

"पण मी काय म्हणतो, बॉल जर तिरका घेतला..."

पंचाने हात वर केला. "खेळ चालू असताना बॅटने बोलू नये."

आता बघा. मी गप्पच होते.

पण विलासने बायकोकडे मान वळवून बघितलं. ती रडत नव्हती. ओठ असा चावला होता की बस. त्याने पुढे एक अक्षर काढलं नाही. खांदा पडला, कोपर पडलं, मनगट ओल्या फडक्यासारखं तिच्या हातात आलं. आणि मग आम्ही खेळलो! त्या गोंदाने माझं लाल अंग दगड करून ठेवलं होतं. चेंडू त्यावर आपटून जाळीपलीकडे जाऊन मेल्यासारखा पडायचा. शेजारच्या इमारतीची बाई तो गाठायला टेबलावर पालथी व्हायची. शेवटच्या चेंडूला मला पोचता आलं नाही. तो विलासच्या अंगठ्यावर बसला आणि टुणकन पलीकडे गेला.

सगळ्यांनी पंचाकडे बघितलं. पंचाने पुस्तक उघडलं. "बॅट धरलेला हात मनगटापर्यंत बॅटच." पुस्तक मिटलं. जिंकलो.

मोरिता-सान आली. वाकली. आधी कल्पनाला, मग मला, मग विलासला. "पुढच्या शनिवारीही तूच," ती म्हणाली. "दांडा मात्र जरा आखूड करून आण."

ओवीने स्टेशनपलीकडून नेलपॉलिश काढायची बाटली आणली आणि विलास सुटला. त्याच्या अंगठ्याची साल माझ्या मुठीवरच राहिली, रेषांसकट. रबरं खरवडताना माझं थोडं लाकूडही गेलं. तो वण अजून आहे. मग कल्पनाने पुन्हा नवी रबरं आणली आणि दुकानदाराचा तोच पाण्याचा गोंद काढला. लाकडावर पातळ, रबरावर पातळ. दुधासारखा पांढरा होता तो काचेसारखा दिसेपर्यंत ती शेजारी बसून राहिली. कुणाला बोलावलं नाही, पोहे केले नाहीत.

विलास आला. "मी काही धरू?"

"नको. बसा नुसते."

तो बसला. हात मांडीवर, मोकळे.

आता मी दाराजवळच्या खुंटीला असते. हा गोंद बरा आहे. धरतो तेव्हा धरतो, आणि सोलायची वेळ आली की साल उतरावी तसा निमूट निघतो, माझं लाकूड नेत नाही. मामाच्या गोंदाची नशा त्याला नाही. मला या वयात नशा करायचीय कशाला?

तुमच्याही घरी बॅट असेल तर एवढं ऐका. गोंद बघायला जमणार असाल तर खुशाल जमा, पोहे खा, घरी जा. पण जी खेळणार आहे तिला आधी विचारा. नाहीतर तुमचाच दांडा होईल, मग मला सांगू नका.

मोरिता-सानने मुठीवरची ती साल घासायला पॉलिशपेपर दिला होता. कल्पनाने तो घडी करून बॅगेत ठेवलाय. दर शनिवारी मला उचलते आणि अंगठा बरोबर त्या रेषांवर टेकवते. घासत मात्र नाही.