थोड्या लोकांचा आजार

“घंटी वाजली की थांबायचं. वाक्य अर्धं राहिलं तरी,” सासूबाईंनी बजावलं.

समोरच्या तरुण डॉक्टरणीने मान हलवली. उद्या तिची खरी मुलाखत होती. मेंदूतल्या गाठींवरच्या संशोधनाला सरकारी पैसा हवा असेल तर आधी अर्ज, मग समितीपुढे मुलाखत. आणि तिथे कोणाची त्रेधा उडू नये म्हणून अर्जदारांची रंगीत तालीम घेणं हे या बाईंचं काम. लग्न न करताच त्यांना सासूबाई हे नाव पडलं होतं, कारण कुठल्याही सुनेने ऐकून घेतले नसते असे प्रश्न त्या विचारत.

समितीत एक जण पेशंटांच्या बाजूने बसतो. तालमीत ती खुर्ची ऑफिसातले हिशेबनीस अडवायचे, पण आज ते रजेवर होते. म्हणून तिथे सासूबाईंचा धाकटा भाऊ बसला होता. त्याच्या टोपीखालून टाक्यांची ओळ डोकावत होती. त्याच्या बायकोला आज सुट्टी मिळाली नव्हती, आणि त्याला घरी एकटं ठेवण्याचे दिवस संपले होते.

“मी काय करायचं तिथे?” त्याने सकाळी विचारलं होतं.

“नुसतं ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही.”

“लहानपणापासून तेच तर करतोय.”

दोघंही हसले होते तेव्हा.

तालीम छान चालली होती. मग शेवटचा, नेहमीचा प्रश्न आला आणि सासूबाईंची नजर भावाच्या टोपीकडे गेली. आपण त्याला इथे का आणलं, असं त्यांना झालं. प्रश्न गाळला असता तर कोणाला कळलं असतं? पण उद्या समिती तो विचारणारच होती, आणि पोरगी तोंडावर आपटली असती.

“या गाठीचे पेशंट थोडे,” त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या. “बरे होणारे त्याहून थोडे. तोच पैसा दुसरीकडे लावला तर कितीतरी जास्त माणसं वाचतील. मग तुम्हाला का द्यायचा?”

डॉक्टरीण त्या टोपीकडे बघत राहिली.

“थोडे...” भाऊ म्हणाला. हल्ली त्याला शब्द शोधावे लागत. “थोडे म्हणजे... मीच ना, ताई?”

सासूबाईंनी टेबलावरची नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर लोकांना उत्तरं शिकवली त्यांनी, आणि हे एवढं साधं उत्तर आज त्यांनाच द्यायचं होतं.

“हो रे,” त्या म्हणाल्या.

“मग मला सांगा,” तो डॉक्टरणीला म्हणाला. “हिला नको.”

तिने आपले कागद पालथे ठेवले आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“दादा, तुमच्यासाठी हे वेळेत होणार नाही. बरीच वर्षं जातील. पण पुढे कोणाच्या तरी बायकोला डॉक्टर बाजूला बोलावतील, तेव्हा तुमच्या बायकोला जे ऐकावं लागलं, ते तिला ऐकावं लागू नये. त्यासाठी मागतेय.”

त्याने टोपी नीट केली.

“चालेल,” तो म्हणाला. “पण उद्या... उद्या हे बोलताना, ते...” पुढचा शब्द काही सापडेना.

वेळ केव्हाच संपली होती. सासूबाईंनी टेबलावरची घंटी उचलून मांडीवर ठेवली, आणि त्याला शब्द सापडेपर्यंत दोघी थांबून राहिल्या.