सोफ्याच्या पोटाखालची मी

मित्रांनो, सोफ्याखाली गेलेला चेंडू काढताना तुम्ही कधी वर बघितलंय का? नाही ना! बघितलं असतंत तर मी दिसले असते. काळ्या, पातळ कापडाची, सोफ्याच्या पोटाला खालून ताणून ठोकलेली. आज मी एक जुनी चिंधी आहे, पण तेव्हा काय ऐट होती माझी!

सोफा बनवणाऱ्या कारागिराने मला कापडाच्या ठाणातून कापलं, मायेने हात फिरवला आणि म्हणाला, "तू धूळ अडवायची. तुझ्याशिवाय काम पुरं होत नाही." मी हुरळून गेले. मग त्याने मला उलट्या सोफ्यावर पसरलं आणि मला आतली फळी दिसली. चांगली हातभर चिरलेली! वर नुसती खाकी चिकटपट्टी. मला वाटलं, आता हा फळी बदलेल. त्याने माझ्यावर खटाखट पिना मारल्या. झाकलं, संपलं!

तीन वर्षं मी धूळ झेलली. पाहुणे वरच्या मखमलीचं कौतुक करायचे. करू देत. मला धास्ती होती ती फक्त त्या फळीची.

एके दुपारी घरातली ताई शाळेतून आली, सोफ्यावर टेकली आणि कडाड्! फळी मोडली.

"घरभर नाचतेस, आता सोफ्यावरही नाचलीस?" आई भडकली. "बंद तुझा नाचाचा क्लास!"

"आई गं, नुसती बसले मी! शप्पथ!"

"वर खोटंही बोलतेस?"

ताई हमसून हमसून रडली. मला सगळं ठाऊक होतं, पण मला कुठे तोंड आहे?

दुसऱ्या दिवशी तोच कारागीर आला. त्याने सोफा उलटा केला आणि बेधडक म्हणाला, "पोरींच्या उड्या हो वहिनी, दुसरं काय! टेकू देतो आणि यावरूनच नवं कापड मारतो."

"आधी हे उघडा," ताई म्हणाली.

"त्यात काय बघायचंय, बेबी?"

ताईने कात्री आणली आणि मला टर्रकन फाडलं. खरं सांगू? इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं!

आई वाकली. "ही चिकटपट्टी कापडाच्या आत कशी हो गेली? माझी लेक काय पिना न उचकटता आत शिरली?"

कारागिराने माझ्याकडे बोट दाखवलं. "कापडच हलकं निघालं, वहिनी..."

ज्याने मला लपवायला लावलं, त्यानेच माझं नाव खराब केलं! हे मी जन्मात विसरणार नाही.

आई ताईजवळ बसली. "चुकलं गं माझं. ऊठ, क्लासला उशीर होईल."

मित्रांनो, मला धूळ अडवायला ठेवा, कुणाची लबाडी झाकायला नको. आणि कुणी "मी नाही केलं" म्हणून रडत असेल, तर आधी सोफा उलटा करा. ओरडायचं ते नंतर.