माघातला ताप

केसर चौल गावची आशाताई, घरोघर फिरणारी आरोग्यसेविका. डासांचं काम दिवाळीपर्यंत, मग थंडी पडते आणि डास मरतात, असं ती बारा वर्षं पाहत आली होती. यंदा माघ लागला तरी घराघरांत पंखे चालूच होते.

गोदावरीकाकूंच्या वाडीतली विहीर तीन वर्षांपासून खारी झाली होती. भरतीचं पाणी जमिनीखालून आत यायचं. नळाला चार दिवसांनी पाणी, म्हणून मागच्या पडवीत सहा पिंपं कायम भरलेली. केसरने एकात बॅटरीचा उजेड पाडला. आत अळ्या वळवळत होत्या.

“काकू, हे ओतावं लागेल.”

“ओतून प्यायचं काय? नळ शुक्रवारी येणार.”

“मग गप्पी मासे सोडते. अळ्या खातात ते.”

“पिण्याच्या पाण्यात मासे? आणि माघात कुठला आलाय डेंगू?”

केसरलाही ते खरंच वाटलं. पिंपांना फडकी बांधा, एवढं सांगून ती पुढच्या घरी गेली.

पंधरवड्याने काकूंची सून श्रद्धा तापाने पडली. ती शाळेत शिकवायची, पाचवा महिना चालू होता. हंगाम नाही म्हणून डेंगूची तपासणी कुणाला सुचली नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला, तिने पेजही मागून घेतली. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अलिबागच्या इस्पितळात पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती; तिथल्या तपासणीत डेंगू निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, पोटातल्या बाळासकट.

केसर भेटायला आली तेव्हा श्रद्धाचा नवरा वरद पिंपं एकेक करून अंगणात आडवी करत होता. पाणी माडांच्या बुंध्यांकडे वाहत होतं. काकू पायरीवर बसून होत्या. केसर त्यांच्या शेजारी टेकली.

“मी तेव्हाच ओतायला पाहिजे होतं,” ती म्हणाली. “मलाही वाटलं, आता कसला डेंगू.”



“तू ओतायला लागली असतीस, तर मी तुला पडवीतून हाकललं असतं,” काकू म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसलं. “पलीकडच्या रंगूला कालपासून ताप आहे. इथं बसू नकोस. आधी तिचं रक्त तपासून आण.”

केसर उठली.